मदतीच्या ट्रकमधला ससा (तुमचेही अनुभव लिहा)

मंजिरी_पुणे: दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर सशाचा ड्रेस सापडला. गॅदरिंगचा, पांढरा, कान उभे. आमचा नव्हे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा आमच्या सोसायटीने ट्रक भरला होता. पोस्ट मी लिहिलेली. ती इतकी फिरली की तीन दिवसांत पार्किंगमध्ये स्कूटर लावायला जागा उरली नाही, नुसती गाठोडी. ट्रकला बॅनर. (त्याला अठराशे रुपये लागले, आज लिहिताना लाज वाटते.) तिथे एक मावशी गुडघाभर गाळात उभ्या. गाठोडी बघून म्हणाल्या, "कपडे नकोत गो बाई, खराटे आणलेत काय?"
एकही नव्हता. ससा होता. पोस्टला दोन हजारांवर लाइक.

चिपळूणचा_मी: कपड्यांचे ढीग आमच्याकडे रस्त्याकडेला भिजून कुजले, ते उचलायला वेगळी माणसं लावली. गाळ ओला असतो तोवर फावड्याने निघतो, वाळला की पहारच घ्या. प्यायच्या पाण्याचे खोकेच्या खोके, पण फरशी धुवायला थेंब नाही. मी सीलबंद बाटल्या फोडून संडास धुतलाय.
सांगलीकडचे दोन इलेक्ट्रिशियन आलेले. 2019 ला त्यांच्या स्वतःच्या घरात कृष्णा शिरली होती. आमच्या गल्लीतला एकेक बोर्ड उघडला, चिखल ब्रशने काढला, वाळवला, तपासून मगच मेन चालू केला. चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला. नाव विचारायचं राहिलं.

सुगरण79: बाप रे. खराटे बोहरी आळीत घाऊक मिळतात हो, पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवते. कुकर लावलाय, येते नंतर.

अभि_नागपूर: 2014 ची बर्फाच्या पाण्याची बादली (आजारासाठी दान गोळा करायचं ते आइस बकेट चॅलेंज) आठवते का कुणाला? डोक्यावर ओतून घेतली, चौघांना टॅग केलं, सर्दी झाली. दान शून्य. कुठल्या आजारासाठी होतं ते आत्ता गुगल करून कळलं 😄

कट्ट्यावरचा_डॉक्टर: अभि, एएलएस. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात, माणूस हळूहळू जागेवर खिळतो. पण बादलीला हसू नकोस. अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे त्या वर्षी साधारण 11.5 कोटी डॉलर आले, आणि त्या पैशाचा हातभार लागलेल्या संशोधनातून 2016 मध्ये एनईके1 जनुकाचा या आजाराशी संबंध कळला. तू सर्दीवर भागवलंस, बाकीच्यांनी पैसे भरले. माझा राग रक्ताच्या मेसेजांवर आहे.

रेणू_मावशी: रक्ताचं काढलंत म्हणून. भाच्याला डेंगी झाला होता 2016 ला, प्लेटलेट हव्या होत्या. मेसेजमध्ये माझा नंबर होता, तारीख नव्हती. प्लेटलेट पाच दिवस टिकतात, मेसेज नऊ वर्षं टिकलाय. परवाच एक जण बिचारा म्हणे, "निघालोय ताई, कुठल्या वॉर्डात येऊ?" भाचा शेजारी बसून बिर्याणी खात होता. तारीख टाकत जा रे.

अभि_नागपूर: बिर्याणी कुठली?

गुपचूप: माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. दर 5 तारखेला खात्यातून 500 रुपये जातात, आदिवासी भागातल्या एका दवाखान्याला. बारा वर्षं झाली. 80जी ची (करसवलतीची) पावती आली की यांना आठवतं, मग वर्षातून एकदा कुरकुर.

मंजिरी_पुणे: थर्मासवाल्यांचं वाचून थांबलेच जरा. आम्ही तिथे उलट पूरग्रस्तांकडेच जेवलो होतो, सात जण.

सुगरण79: कुकर झाला. त्या सशाचं काय करणार? नातीचं गॅदरिंग आहे डिसेंबरात, ससा-कासव. मी कोथरूडला.

मंजिरी_पुणे: न्या की! गाळात टाकवेना म्हणून परत आणलेला. एक कान लोळतोय फक्त, माळ्यावर दबला.

सुगरण79: लोळू दे, तो झोपणाराच ससा आहे. उद्या सहानंतर येऊ?