टायर, काळं प्लास्टिक आणि इंजिन बे: तिन्हींना पाण्यातलंच ड्रेसिंग लावावं. पटतंय का?

कोकणकडा (धागाकर्ता)

पावसाळा तोंडावर आलाय, वॉशिंग सेंटरवर रांगा लागल्यात, म्हणून हा विषय काढतो. माझं मत ठाम आहे. टायर, बाहेरचं काळं प्लास्टिक आणि इंजिन बे (बॉनेटखालची इंजिनची जागा) या तिन्हींना चमक आणायला जे ड्रेसिंग लावतात, ते पाण्यातलं, पांढरं दिसणारंच घ्यावं. केरोसिनसारखा वास मारणारं तेलकट, पारदर्शक ड्रेसिंग स्वस्त पडतं, चकाकीही जास्त देतं, तरी ते घेऊ नये.

दोन्हींत चमक आणतं ते बहुतेक वेळा सिलिकॉन तेलच. फरक आहे तो हे तेल कशात मिसळलंय याचा. एकात पाणी, दुसऱ्यात पेट्रोलियमचा द्रावक. पाणी उडून जातं आणि विषय संपतो. द्रावक मात्र रबरात शिरतो. बॉनेटचं आणि दारांचं बिडिंग (कडेची रबरी पट्टी), रेडिएटरचे होज हे साधारणपणे ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर ऊन, ओझोन, गरम कूलंट सगळं सोसतं, पण खनिज तेल त्याला चालत नाही. फुगतं, मऊ पडतं, पुढे लिबलिबीत होतं.

बाटलीवरचं वाचून कळत नसेल तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि त्यात चार थेंब टाका. पाण्यातलं असेल तर ढवळल्यावर सगळं पाणी पांढुरकं होतं. द्रावकातलं असेल तर वर तवंग धरतं, बोट बुडवलं की बोटाला तेल लागतं. एवढी परीक्षा पुरते.

शिवाय पाण्यातलं ड्रेसिंग पातळ करता येतं. मेग्वायर्सचं हायपर ड्रेसिंग घ्या. एकास एक पाणी घातलं तर टायरला चमक, एकास चार घातलं तर प्लास्टिकला मॅट. एका कॅनमध्ये सगळी गाडी होते. मग दोन-तीन बाटल्या कशाला बाळगायच्या?

मांडवीकाठ

पाण्यातलं आमच्या पावसात किती टिकतं ते पण लिहा ना! पणजीत जुलैमध्ये सकाळी लावलेलं संध्याकाळपर्यंत नाल्यात. द्रावकातलं जेल निदान दोन-तीन आठवडे तग धरतं. आम्ही काय रोज टायर पुसत बसायचं?

कोकणकडा

@मांडवीकाठ, मीही कोकणातच राहतो, पाऊस मला नवा नाही. टिकत नाही यात निम्मा दोष टायर नीट न धुण्याचा असतो. जुन्या ड्रेसिंगचा थर आणि रस्त्याचं तेल तसंच ठेवून वरून नवं फासलं तर ते रबराला धरणार कसं? ताठ ब्रशने साबण लावून घासा, फेस तपकिरी निघायचा थांबेपर्यंत. पूर्ण वाळू द्या. मग पातळ हात द्या, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून घ्या. असं केलं की पाऊस सुरू असतानाही बऱ्यापैकी राहतं. जेलएवढं राहत नाही, हे मान्य.

आणि जेल तग धरतं म्हणता, पण ते मडगार्डवरही तग धरतं. गाडी पळाली की टायरवरून उडालेले काळे थेंब मागच्या दारापर्यंत जातात. किनाऱ्यावरची वाळू त्या तेलकट टायरला कशी चिकटते हे तुम्हालाच जास्त माहीत असेल.

व्हल्कन

रबर कंपाउंडिंगमध्ये काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. धागाकर्त्याचं ईपीडीएमबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण तोच नियम टायरला लावणं योग्य नाही.

टायरच्या साइडवॉलमध्ये, म्हणजे बाजूच्या रबरात, काजळी भरपूर असते, तीच उन्हापासून वाचवते. ओझोनसाठी मेण आणि अँटिओझोनंट मिसळलेलं असतं. टायर फिरताना साइडवॉल दबते-सुटते आणि ही द्रव्यं आतून हळूहळू वर येत राहतात. तो जो तपकिरी रंग दिसतो ना, तो मळ नाही, वर येऊन हवेत बदललेलं अँटिओझोनंट आहे. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीचे टायर धावत्या गाडीच्या आधी तडकतात. टायर तडकण्याची खरी कारणं म्हणजे वय, ऊन, ओझोन, कमी हवा आणि जास्त वजन. महिन्यातून एकदा साइडवॉलवर फिरवलेल्या जेलचा द्रावक थोड्या वेळात उडून जातो. त्यामुळे टायर फुटतो असं म्हणायला आधार लागतो, आणि तो या धाग्यात अजून कोणी दिलेला नाही. सिलिकॉन तेल तर रबराला काहीच करत नाही.

उलट 'फेस तपकिरी निघायचा थांबेपर्यंत घासा' हा सल्ला दर आठवड्याला पाळला तर संरक्षणाचा थर तुम्हीच काढताय. वर्षातून एक-दोनदा ठीक आहे.

इंजिन बेबद्दल एक भर. सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरला बाधते. ड्रेसिंग पाण्यातलं असो की द्रावकातलं, हवेच्या इनटेकच्या तोंडाशी फवारा मारू नका.

काळीपिवळी

मंडळी, तुमच्या बाटल्या हजाराच्या पुढे. आम्ही मुंबईत टॅक्सी चालवणारे निम्मं ग्लिसरीन, निम्मं पाणी करून स्पंजने टायरला लावतो. पॅसेंजरला टायर काळाभोर दिसला की गाडी सांभाळलेली वाटते. यात काय वाईट आहे ते सांगा.

व्हल्कन

@काळीपिवळी दादा, रबराला त्याचा काही त्रास नाही, बिनधास्त लावा. ग्लिसरीन पाण्यात पूर्ण विरघळतं, म्हणून पहिल्या सरीत निघून जातं. हवेतला ओलावा ओढतं म्हणून धूळ धरतं. पेंटवर उडालं तरी पाण्याने जातं, हा फायदाच. फक्त ब्रेक डिस्कवर आणि टायरच्या नक्षीवर थेंब जाऊ देऊ नका. दुचाकीच्या टायरला तर काहीच लावायचं नाही, कारण वळणावर टायरची बाजूची कडच रस्त्याला टेकते.

पेंटबूथ

इथे सगळे 'पाण्यातलं सुरक्षित' म्हणतायत. आमच्याकडे येऊन बघा. सिलिकॉन दोन्हींत आहे, आणि रंगकामाला दोन्ही सारखेच मारक. बंपर रंगवायला घेतला की रंग मारताक्षणी डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात, मध्ये रंग थांबतच नाही. फिशआय म्हणतात त्याला. सगळा पॅनल परत घासायचा, परत प्रायमर. मालकाला वाटतं पेंटरचा हात वाईट.

माझं म्हणणं, हवेत फवारायचंच नाही. स्पंजवर घ्या आणि स्पंजने लावा. गाडी रंगायला देताना सांगून टाका की याला ड्रेसिंग लावलंय, म्हणजे आम्ही आधी सिलिकॉन उतरवून घेतो. लपवलंत तर खर्च तुमचाच वाढतो.

नागपूर४५

कोकणकडा भाऊ, तुमचं सगळं पावसाभोवती फिरतंय. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पार जातो, गाडी दिवसभर ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये. बंपरची खालची पट्टी, व्हील आर्चचं क्लॅडिंग, वायपरखालची जाळी, सगळं दोन-तीन उन्हाळ्यांत राखाडी. त्यावर तुमचं पातळ पाण्याचं ड्रेसिंग म्हणजे चार दिवसांचं चांदणं. धुतलं की परत राखाडी.

प्लास्टिकला ड्रेसिंग नकोच, माझं स्पष्ट मत आहे. ट्रिमसाठी, म्हणजे या बाहेरच्या काळ्या प्लास्टिकसाठी, वेगळं सिरॅमिक कोटिंग मिळतं, ते लावा. छोटी बाटली महाग वाटते, पण वर्ष तरी निघतं. तयारी मात्र मन लावून करावी लागते. आधीचं ड्रेसिंग, मेण, पॉलिशचे पांढरे डाग, सगळं ब्रशने काढायचं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. खाली तेल राहिलं तर कोटिंग धरत नाही. म्हणजे तुमचं ड्रेसिंगच कोटिंगच्या आड येतं!

आणि ते हीट गनने काळं करायचे व्हिडिओ बघून कोणी करू नका. काळं होतं खरं, पण वरचा थर वितळवून. काही महिन्यांत परत पांढरं पडतं, आणि हात जरा थांबला की प्लास्टिक वाकडं.

कोकणकडा

@नागपूर४५, राखाडी झालेल्या प्लास्टिकला कोटिंग, हे मी मानतो. पण नव्या गाडीच्या काळ्या प्लास्टिकला पहिल्या उन्हाळ्यापासून ड्रेसिंग लावत गेलं तर ती वेळ उशिरा येते, अट एवढीच की बाटलीत यूव्ही रोखणारं द्रव्य हवं. ३०३ या ब्रँडचं प्रोटेक्टंट त्यासाठीच विकलं जातं, आणि तेही पाण्यातलंच आहे. शिवाय कोटिंगचा ओघळ वेळेत पुसला नाही तर तो रेषेसारखा सुकतो आणि काढताना जीव जातो. ड्रेसिंग बिघडलं तर साबणपाण्याने निघतं. घरी स्वतः करणाऱ्या माणसाला मी आजही ड्रेसिंगच सांगेन.

@व्हल्कन, टायरबद्दल तुमचा मुद्दा घेतो. जेलने टायर फुटतो असं मी म्हणत नाही. पण जेल टायरपुरतं राहत नाही. सेंटरवरचा पोरगा तोच स्पंज दाराच्या बिडिंगवर आणि तोच स्प्रे बॉनेटखाली मारतो. घरात एकच बाटली असेल तर ती सगळीकडे चालणारी असावी, माझा आग्रह त्यासाठी आहे.

नागपूर४५

एकाच बाटलीचा हट्टच पटत नाही राजेहो. टायर वेगळा, प्लास्टिक वेगळं. आणि समृद्धीवर उतरण्याआधी लोकांनी टायर चमकवण्यापेक्षा साइडवॉल तपासावी. ७०१ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा रस्ता, कारला १२० ची मर्यादा, उन्हात तापलेले टायर. काळाकुळकुळीत केलेल्या टायरवर बारीक तडे दिसतच नाहीत. आधी कोरड्या टायरवर टॉर्च मारा, अंगठ्याने रबर ताणून बघा, साइडवॉलवरचे शेवटचे ४ आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. पाच वर्षं उलटली असतील तर दरवर्षी दाखवून घ्या. मग चमक.

डेपोतलाहात

एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीची वर्षं गेली, म्हणून इंजिनबद्दलच बोलतो. इंजिन बेला काहीही लावू नका. पाण्यातलं नको, द्रावकातलं नको.

इंजिन कोरडं आणि मॅट असलं की गळती पहिल्या दिवशी दिसते. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटखाली ओलसर धूळ जमते, होजच्या क्लॅम्पपाशी कूलंटचा सुकलेला रंगीत डाग दिसतो. मेकॅनिक त्यावरून सांगतो कुठे हात घालायचा. सगळीकडे चकाकी मारून ठेवली तर तेल कुठलं आणि पॉलिश कुठलं? सेंटरवर डिझेल फवारून इंजिन चमकवून देतात तो प्रकार तर गुन्हा समजावा. होज, बिडिंग, माउंटिंगची रबरं सगळी त्यात भिजतात, आणि तापलेल्या एक्झॉस्टशेजारी जळाऊ वाफ.

प्रेशरचं पाणीही नको. फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर, कनेक्टर यांत पाणी शिरलं की गाडी धड बंद पडत नाही, धड चालत नाही. इंजिन गार असताना ब्लोअरने धूळ काढा, ओल्या फडक्याने कव्हरं पुसा. बस.

कोकणकडा

@डेपोतलाहात काका, डिझेल आणि प्रेशरच्या पाण्याबद्दल शंभर टक्के तुमच्या बाजूने. गळतीचा मुद्दाही जबरदस्त आहे. पण पुसून मॅट केलेल्या ड्रेसिंगखाली गळती लपत नाही. ओलं राहील इतकं लावलं तरच लपते. इंजिनचं प्लास्टिक कव्हर, बॉनेटचं बिडिंग, वॉशरच्या टाकीचं झाकण एवढ्यालाच मी फडक्याने लावतो. धातूला नाही.

डेपोतलाहात

आणि फॅन बेल्टला? तुम्ही फडक्याने लावाल, वाचणारा स्प्रे मारेल. बेल्टवर सिलिकॉन गेलं की तो घसरतो, किंचाळतो, बॅटरी चार्ज होत नाही. घाटात रात्री गाडी उभी राहिली तर ड्रेसिंग पाण्यातलं होतं म्हणून काय फायदा?

कोकणकडा

मान्य. बेल्टच्या बाजूला काही नाही आणि बॉनेटखाली स्प्रे अजिबात नाही, फक्त फडकं. वरच्या पोस्टमध्ये हे घालतो, पेंटबूथचं स्पंजचंही. बिडिंगचं मात्र मी सोडणार नाही काका. पावसाआधी पाण्यातल्या ड्रेसिंगचा एक हात दिला की ते दाराला चिकटत नाही, कोपऱ्यात फाटत नाही.

डेपोतलाहात

बिडिंगला लावा. ते इंजिन नाही.