नेपाळला दहा दिवस सेवेला जातोय, पत्रिका न्याव्यात का?

नगरची_शिक्षिका

सर्वांना सलाम. मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या चर्चच्या मंडळीचा तरुण संघ दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस नेपाळला जातोय. 14 जण आहोत. पुणे-गोरखपूर गाडी नगरलाच मिळते, गोरखपूरहून बसनं सोनौली, तिथं हद्द ओलांडून बुटवल आणि पुढं पाल्पाच्या डोंगरातलं एक गाव. तिथल्या पाळकांची आणि आमच्या पाळकसाहेबांची जुनी ओळख आहे.

येशूची ओळख करून देणाऱ्या, लोकांना वाटायच्या 500 हिंदी पत्रिका छापून ठेवल्यात. त्या न्याव्यात का? दोन दिवस एका बालगृहात मुलांचे खेळ आणि गाणी घ्यायची ठरली आहेत, त्याबद्दलही सांगा. बाबा म्हणतात, "माणशी नऊ हजार जाण्यायेण्यात घालवण्यापेक्षा तेच पैसे त्यांना पाठवा." मला मनापासून जायचंय, पण बाबांना काय सांगावं ते सुचत नाही.

मिरजेची_सिस्टर

सलाम बेटा. पत्रिका नेऊ नका. एकसुद्धा नको.

नेपाळात 17 ऑगस्ट 2018 पासून नवी फौजदारी संहिता लागू आहे. तिच्या कलम 158 प्रमाणे कुणाचं धर्मांतर करणं किंवा त्याला उत्तेजन देणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. पण मी तुला तुमच्या अटकेची भीती घालत नाही. तुम्ही अकराव्या दिवशी गाडीत बसणार. मागं राहणार ते तिथले पाळक.

हे मी स्वतः पाहिलंय. 2018 च्या नोव्हेंबरात आमच्या पथकातल्या एका मुलानं परतीच्या दिवशी बसथांब्यावर पत्रिका वाटल्या. मी खिडकीतून बघत होते, त्याला थांबवलं नाही. उलट कौतुक वाटलं. चार वर्षांनी त्याच गावी परत गेले तेव्हा पाळकांच्या बायकोनं चुलीपुढं बसून सांगितलं, आम्ही गेल्यावर तिच्या नवऱ्याला चार वेळा चौकीत बोलावलं होतं. प्रत्येक वेळी दोन तास उतरायचं, दोन तास चढायचं. पत्रिका हिंदीत होत्या, म्हणजे कुठून आल्या हे विचारायचीही गरज नव्हती. घरमालकानं मंडळीची खोली रिकामी करायला सांगितली. हे सगळं तिनं आवाज न चढवता सांगितलं, आणि मला भात वाढला.

आता जायचं कशाला, ते सांगते. मी पहिल्यांदा गेले 2015 च्या जूनमध्ये, भूकंपानंतर. 25 एप्रिलला बारा वाजायला चार मिनिटं असताना धरणी हलली. तो शनिवार होता. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारची, म्हणून उपासनाही शनिवारी. कित्येक मंडळ्या उपासनेत असतानाच ढिगाऱ्याखाली गेल्या. तेव्हा ड्रेसिंग करणारे हात हवे होते आणि माझे तेवढे होते.

नंतरच्या दोन खेपांना काम साधं होतं. त्या गावात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या एक आजी होत्या. रोग गेला होता, पण पाय बधिर. मिरजेला आम्ही वॉर्डात करायचो तेच तिथं केलं. पाणी आधी माझ्या कोपरानं तपासायचं, कारण त्यांना चटका बसला तरी कळणार नाही. त्यात वीस मिनिटं पाय भिजवायचे, भेगेच्या कडेची कडक कातडी हलक्या हातानं घासायची आणि पाय ओला असतानाच तेल लावायचं. तिथं मोहरीचं तेल होतं, तेच लावलं. पाय भिजत असताना त्यांनी नेपाळी बायबल माझ्या हातात दिलं. लिपी आपलीच, म्हणून मी तेविसावं स्तोत्र वाचायला लागले. आपल्याकडे त्यात परमेश्वर मेंढपाळ, त्यांच्याकडे "गोठालो". माझा उच्चार चुकला की आजी थांबवायच्या, पुन्हा म्हणायला लावायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. सगळं स्तोत्र पाठ होतं.

तिथल्या एका मुलीनं शेजारी बसून हे सगळं पाहून घेतलं. आता ती दर आठवड्याला आजींचे पाय बघते, जखम दिसली की मला फोटो पाठवते.

तुझ्या बाबांचं म्हणणं बरोबर आहे, तुम्ही एकदाच जाणार असाल तर. त्याच गावी पुन्हा जायचं मनात असेल तर मात्र जा.

सोलापूरचा_पाळक

सिस्टरबाईंशी सहमत. फक्त एक जोडतो, नाहीतर मुलं उगाच घाबरून जातील. उपासनेत, मंडळीच्या लोकांमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला, कुणाची आडकाठी नसते. कधी आणि किती बोलायचं हे मात्र तिथल्या पाळकांना ठरवू द्या.

बालगृहाचे दोन दिवस रद्द करा. नेपाळातल्या अशा घरांमधल्या बहुतेक मुलांना आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून खेड्यांतून मुलं आणली जातात, हे युनिसेफनंही सांगितलंय. शिवाय दोन दिवस लळा लावून निघून जाणं मुलांच्या जिवाला लागतं.

नगरची_शिक्षिका

काल संघाच्या सभेत सिस्टरांचं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. पत्रिका इथंच राहणार. बालगृहही काढलं. आता ते दोन दिवस मोकळे आहेत आणि थोडे पैसे शिल्लक. पाळकांना फोन केला, तर म्हणतात, "या, बसा, जेवा, मग बघू." यावर काय करायचं?

मिरजेची_सिस्टर

ते म्हणतात तसंच कर. बसा, जेवा. दिवाळीत तिथं तिहार असतो, भाईटीकेला, म्हणजे आपल्या भाऊबीजेला, सगळी घरं भरलेली असतात, बसला गर्दी असते. तो दिवस प्रवासात धरू नका.

आधारकार्डावर विसंबू नका, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट घ्या. आपल्या शंभराचे त्यांचे एकशे साठ होतात. काही घ्यायचं ठरलं, छपराचे पत्रे म्हण किंवा सतरंज्या, तर बुटवलच्या बाजारात पाळकांना बरोबर नेऊन घ्या, नगरहून वाहून नेऊ नका. तिथं खाली बसूनच उपासना होते, चपला बाहेर. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा, नाहीतर पहिल्याच शनिवारी उशीर होईल.

आणि तू शिक्षिका आहेस हे पाळकांना कळव. मागच्या खेपेला मी गेले त्या गावच्या पाळकांच्या मुलीला गणित शिकवायला कुणीतरी हवं होतं.