स्टेशनरी, ॲडव्हाइस, लूज : स्पेलिंगचा घोळ, मदत हवी आहे

मंडळी, तुर्भे एमआयडीसीत एका कंपनीच्या डिस्पॅचला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी बोलणं बऱ्यापैकी जमतं, मेल लिहिताना मात्र फजिती होते. परवा ट्रक दोन तास गेटबाहेर उभा. मी लिहिलं, 'व्हेइकल इज स्टेशनरी'. साहेबांनी सगळ्यांना सीसीत ठेवून विचारलं, 'किती वह्या, किती पेनं?' उभ्या गाडीला शेवटी ए-आर-वाय लागतं, मी ई-आर-वाय लावलं होतं. उच्चार एकच, मग कळणार कसं?

'प्लीज ॲडव्हाइस'मध्ये सी की एस? लूजमध्ये ओ एक की दोन? 'ऑर्डर हातची जाईल' लिहायला जावं तर ऑर्डर सैल होते. अफेक्ट-इफेक्टच्या जागी मी सरळ 'इम्पॅक्ट' लिहून मोकळा होतो.

जोड्यांच्या याद्या ठाणे-वाशी लोकलमध्ये पाठ केल्या. ऐरोलीपर्यंत सगळं लक्षात, तुर्भ्याला उतरलो की पाटी कोरी. काही युक्ती?

प्रतिसाद १
दादा, मी नौपाड्यात क्लास घेते. याद्या सोडा, कान वापरा. सल्ला म्हणजे 'ॲडव्हाइस', सी. सल्ला देणं म्हणजे 'ॲडव्हाइझ', एस. तुम्हाला साहेबांनी कळवायला हवंय, म्हणजे क्रियापद, एस घाला. गमावणं 'लूझ', एक ओ. सैल शर्ट 'लूस', दोन ओ. आपण शर्टालाही 'लूज' म्हणतो, घोळ तिथलाच. इफेक्टसाठी सर्क्युलरमधलं 'विथ इफेक्ट फ्रॉम' आठवा : ते नाम, ई. क्रियापद असेल तर बहुतेक वेळा ए.

प्रतिसाद २
स्टेशनरीत कानाचा उपयोग नाही, पण गंमत आहे. दोन्ही शब्द एकाच घरचे. मध्ययुगात युरोपात बरेच विक्रेते गावोगाव फिरायचे. विद्यापीठांजवळ पुस्तकं विकणारे मात्र एका जागी दुकान मांडून बसायचे, म्हणून ते 'स्टेशनर'. त्यांच्याकडचा माल ती स्टेशनरी. म्हणजे वह्या-पेनंही मुळात उभ्या गाडीचीच नातेवाईक! 'पेपर'च्या शेवटी ई-आर आहे ना, कागदवालीतही तेच.

धागाकर्ता
ताई, आज 'ॲडव्हाइझ' एस घालून पाठवलं. साहेबांचं उत्तर आलं : 'वुई कॅनॉट लूझ धिस क्लायंट.' दोन ओ. पुन्हा सगळे सीसीत. आता बोलू की गप्प बसू?