विषय: मुलाचं गणित, मराठीत की इंग्रजीत?

नमस्कार मंडळी,
मुलगा इथे अमेरिकेत, सॅन होजेत तिसरीत आहे. पाढे आजीने मराठीत पाठ करून घेतलेत. शाळेत मनात "सात आठे छप्पन्न" म्हणतो आणि मग इंग्रजीत उत्तर देतो. नात्यातले एकजण म्हणाले, घोळ होईल, घरीही इंग्रजीतच करा. आजींना थांबवू का?
– तिसरीतल्या मुलाची आई

रि: मुलाचं गणित

ताई, आजींना अजिबात थांबवू नका! पाढे ज्या भाषेत घोकले त्याच भाषेत पटकन आठवतात, मोठ्या माणसांनाही.

मी इथल्या शाळेत चौथीच्या वर्गात मदतीला जाते. व्हिएतनामहून नुकताच आलेला एक मुलगा, इंग्रजी जेमतेम. ९६ भागिले ४ करताना त्याने उभी रेघ मारली, ४ उजवीकडे लिहिला आणि भागाकार त्याच्याखाली. त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे. शेजारच्या आपल्या मराठी मुलीने भागाकार वर मांडला होता, इथल्यासारखा. दोघांचं उत्तर २४. मग तिने ९ मधून ८ गेले, १ उरला, ६ खाली घेतला, असं त्याच्या वहीवर बोट ठेवून शोधलं. तो मान हलवत होता. पुढे बोटं मोजणं सुरू झालं. आपली पेरं एका हातावर १२ होतात, हे तिने दाखवलं, तर टेबलावरच्या एका चिनी बोलणाऱ्या मुलाने अंगठा आणि करंगळी उभी करून ६ दाखवले. तो एका हातावर १० पर्यंत जातो. त्या टेबलावर त्या दिवसापासून मैत्री आहे.

शाब्दिक उदाहरणं मात्र इंग्रजीत वाचून घ्या. तिथे मुलं गणितात नाही, वाक्यात अडतात.
– सनीवेलहून, काकू

रि: रि: मुलाचं गणित

काकूंशी सहमत. एक भर: १,००,००० आणि 100,000 ही एकच संख्या आहे, स्वल्पविराम वेगळ्या जागी येतो, हे मुलांना मुद्दाम सांगा. आजोबांचा हिशेब बघून गोंधळतात.

आणि ताई, तिसरीत इथे अपूर्णांक सुरू होतात. आजींना पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे) येत असतील तर शनिवारी मराठी शाळेत घेऊन याल का? ने-आण मी करतो.
– मराठी शाळेचा स्वयंसेवक, फ्रीमाँट