कार्ड एसएमपीएसला बघून घ्यावं, की कार्डासाठी एसएमपीएस बदलावा?

जुनापीसी (धागाकर्ता)

धाकटी बहीण बार्शीत ब्लेंडर (थ्रीडी चित्रं आणि ॲनिमेशन करायचं सॉफ्टवेअर) शिकते आहे. तिच्यासाठी गेल्या दिवाळीत रिफर्बिश्ड डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० घेतला, मिनी टॉवर. आय-५ ४५९०, १६ जीबी रॅम, एसएसडी. कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं मशीन, पण एकदाही कुरकुरलेलं नाही. आता ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय, आणि पंधरा दिवस ज्याला विचारावं तो एकच सांगतो : "आधी एसएमपीएस बदल," म्हणजे भिंतीतली वीज घेऊन मशीनच्या भागांना देणारा डबा. मला ते पटत नाही. का ते लिहितो, चुकत असेन तर खोडून काढा.

यातला एसएमपीएस २९० वॅटचा आहे. कार्डासाठी लागणारी सिक्स-पिन किंवा एट-पिन वायर त्यातून निघतच नाही. म्हणजे कार्डाला मिळेल ती वीज फक्त मदरबोर्डच्या स्लॉटमधून, आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या नियमाप्रमाणे तो स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यातही १२ व्होल्टवर ६६च. या मर्यादेत बसणारी तीन कार्डं माझ्यापुढे आहेत : जीटीएक्स १६५० (७५ वॅट), आरएक्स ६४०० (५३ वॅट) आणि आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली आवृत्ती (७० वॅट). माझं मत तिसऱ्याला.

हिशोब साधा आहे. प्रोसेसर ८४ वॅट, कार्ड ७०, मदरबोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ४० धरा. १९४ झाले. २९० मध्ये आरामात बसतात.

एसएमपीएस बदलायचा तर या मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनचा प्लग बसत नाही, डेलचा स्वतःचा ८ पिनचा आहे. म्हणजे मध्ये अडॅप्टर आला. चालतं मशीन उघडायचं, त्याचा नीट चालणारा भाग काढायचा आणि जोड देऊन दुसरा लावायचा, तेही मी पुण्यात आणि मशीन बार्शीत असताना. काही बिघडलं तर तिचा महिना जाईल. माझ्या मते वीज जितकी आहे तितक्यातलं उत्तम कार्ड घ्यावं आणि बाकी कशाला हात लावू नये.

घेणाऱ्यांसाठी एक सूचना : "३०५०" एवढंच नाव ऐकून पैसे देऊ नका. त्याच नावाचं ८ जीबीचं कार्ड १३० वॅटचं आहे आणि त्याला वेगळी वायर लागते. जीटीएक्स १६५० चीही काही मॉडेल्स सिक्स-पिन मागतात. खोक्यावरचा फोटो नव्हे, कार्डाची वरची कड बघा, तिथे वायरीचा प्लग आहे का ते.

सोल्डरगन

हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय.

बारा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय म्हणून सांगतो. तुझं मशीन २०१४च्या आसपासचं. म्हणजे तो एसएमपीएस दहा वर्षांहून जास्त चाललाय, आणि ऑफिसात बहुतेक रोज आठ-दहा तास. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) उष्णतेने म्हातारे होतात. लेबलवर २९० छापलंय ते नव्या मालाचं. त्याच्यावर तू आणखी ७० वॅटचा भार टाकणार, तोही रेंडरचा (थ्रीडी सीनचं अंतिम चित्र तयार करण्याचा), म्हणजे तासन्तास सलग. गेम खेळताना भार वरखाली होतो, रेंडरला तो उसंतच देत नाही.

आणि पैशांचं बघ. नवं ३०५० ६ जीबी ज्या किमतीला येतं, साधारण त्याच पैशांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला चांगलं सेकंडहँड आरएक्स ६६०० मिळतं. ८ जीबी मेमरी, गेममध्ये ३०५० त्याच्या जवळपासही येत नाही. त्याला १३२ वॅट आणि एक एट-पिन लागतो, म्हणून चांगल्या कंपनीचा ४५० किंवा ५५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) एसएमपीएस लाव. २४ पिन ते ८ पिन अडॅप्टर म्हणजे चार वायरींचा खेळ आहे, मी कित्येक लावलेत. उद्या हे मशीन भंगारात गेलं तरी तो एसएमपीएस पुढच्या मशीनला लागेल.

रेंडरवेडी

सोल्डरगनदादा, एसएमपीएसबद्दल तुमचं ऐकेन, पण ६६०० चं उदाहरण इथे लागू पडत नाही. मुलगी ब्लेंडर शिकतेय, तुम्ही आकडे गेमचे देताय.

ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांना ऑप्टिक्स नावाची सोय मिळते, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग शोधायचं काम कार्डातले खास भाग करतात. त्याचा फरक डोळ्यांना दिसतो. मी स्वतः आधी १६५० वर काम केलं आणि मग आरटीएक्स कार्डावर गेले. पूर्वी रात्रभर लावून ठेवायचे ते जेवण होईपर्यंत व्हायला लागलं. एएमडीची कार्डं ब्लेंडरमध्ये चालतात, चालत नाहीत असं मी म्हणत नाही, पण शिकणाऱ्याला यूट्यूबवर जे धडे सापडतात ते बहुतेक एनव्हिडिया धरूनच केलेले असतात. नवख्या मुलीने सेटिंग्ज शोधत दोन दिवस का घालवायचे?

धागाकर्त्यालाही एक सांगायचंय. ६ जीबीचं ३०५० म्हणजे ८ जीबीच्याचीच मेमरी कमी केलेली आवृत्ती नाही. कोअर २५६० वरून २३०४ झालेत आणि मेमरीची वाट १२८ बिटवरून ९६ वर आली आहे. ७० वॅटमध्ये बसवायला हे सगळं कापलंय. तरी मी तेच घेईन, कारण १६५० आणि ६४०० दोन्ही ४ जीबीवर अडतात, आणि जरा मोठे टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) असलेला सीन ४ जीबीत मावत नाही तेव्हा होणारी चिडचिड मी भोगली आहे.

कोयनाकाठ

"एसएमपीएस बदल" हा सल्ला मी ऐकला होता. कॉलनीतल्या दुकानातून ४५० वॅट लिहिलेला स्वस्तातला आणला. चार महिन्यांत एका संध्याकाळी करपल्याचा वास आला आणि मशीन बंद. मदरबोर्डही गेला.

नंतर लेबल नीट वाचलं. १२ व्होल्टच्या ओळीत १४ अँपिअर. १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींत दाखवून बेरीज फुगवलेली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : डेल, एचपी, लेनोवोच्या ऑफिस मशीनमधला २९० हा बाजारातल्या बेनामी ४५० पेक्षा जास्त विश्वासाचा.

आणि कृपा करून कोणी साटा (हार्डडिस्कला वीज देणारी वायर) ते सिक्स-पिन अडॅप्टर सुचवू नका. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना, प्रत्येकीला दीड अँपिअर. एकूण ५४ वॅट. सिक्स-पिन ७५ पर्यंत मागू शकतो. तो प्लग वितळतो.

सोल्डरगन

कोयनाकाठ, तुमचं नुकसान झालं ते ऐकून वाईट वाटलं. असे जळलेले बोर्ड माझ्या टेबलावर दर महिन्याला येतात. पण हा मुद्दा स्वस्त एसएमपीएसच्या विरुद्ध झाला, बदलण्याच्या विरुद्ध नाही. मी चांगला घ्या म्हणतोय.

रेंडरवेडी ताई, ब्लेंडरचं मान्य. ६६०० मागे घेतो. एसएमपीएसवर मात्र ठाम आहे.

चौथीपिढी

दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत. आय-५ ४५९० ला चार कोअर, चार थ्रेड. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे मिळत नाही आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. या मशीनवर जास्त पैसे घालूच नयेत. एसएमपीएस आणि अडॅप्टरचे पैसे बाजूला ठेवा, ते पुढच्या मशीनच्या खात्यात टाका. कार्ड तेवढं घ्या, ते पुढे नेता येईल.

माळावरचा

कोणी इंटेल आर्क ए३८० का सुचवत नाही? तोही ७५ वॅटचा, ६ जीबी.

रेंडरवेडी

कारण त्याला मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं. इंटेल स्वतःच दहाव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर सांगतं, हा चौथ्या पिढीचा आहे. त्याशिवाय कार्ड फार मार खातं. शिवाय ए३८० ची बरीच मॉडेल्स वेगळी वायर मागतात.

जुनापीसी

शनिवारी बार्शीला जाऊन आलो. सोल्डरगनदादांचं कपॅसिटरचं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून मित्राकडून भिंतीच्या सॉकेटला लावायचा वॅटमीटर नेला होता.

कार्डाशिवाय, फक्त प्रोसेसरवर ब्लेंडरचं रेंडर अर्धा तास चालवलं. मीटर १०४ वॅटच्या वर गेला नाही. हे भिंतीतून ओढलेले वॅट, एसएमपीएसच्या आतला तोटा धरून. ७० वॅटचं कार्ड पूर्ण दमाने चाललं तरी भिंतीवर १९० च्या आसपास दिसेल. २९० वॅटच्या एसएमपीएसला हे जड नाही, वय धरूनही. तिच्याकडचा ६०० व्हीएचा यूपीएसही, जो खरं तर ३६० वॅटच देतो, यात पुरतो. तिथे लाईट दिवसातून दोनदा जाते, त्यामुळे माझ्यासाठी हेही महत्त्वाचं आहे.

एसएमपीएसच्या जाळीत मात्र बोटभर धूळ होती. ब्लोअर मारून साफ केला. दादा, तुम्ही बोलला नसता तर मी तिकडे बघितलंही नसतं. ३०५० ६ जीबीच घेतोय.

सोल्डरगन

मोजून आलास हे चांगलं केलंस. माझं मत बदललेलं नाही, रोजचे सहा-सात तास रेंडर सुरू झालं की वर्षभरात तो बदलायला लागेल असंच मला वाटतं. बहिणीला सांगून ठेव : पंख्याचा आवाज बदलला किंवा रेंडरच्या मधेच मशीन आपोआप रीस्टार्ट झालं, तर पुन्हा चालू करून बघायचं नाही, आधी फोन करायचा.

आणि कार्ड मागवण्याआधी स्लॉटच्या पट्टीपासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती सेंटिमीटर जागा आहे ते मोजायला सांग. दोन पंख्यांची कार्डं लांब असतात. एका पंख्याचं घे.

जुनापीसी

मोजलं नाही. आत्ताच तिला फोन लावतो.