मदत हवी आहे - १९९६ चा फॅन्टम मुलांना दाखवावा का?

बाबांच्या जुन्या इंद्रजाल कॉमिक्स वाचून पोरं सध्या वेताळवेडी झालीयेत (वेताळ म्हणजे त्यातला फॅन्टम), तर त्यांना तो १९९६ चा बिली झेन वाला द फॅन्टम पिक्चर दाखवायचाय. जांभळा टाइट सूट, पांढरा घोडा, कवटीची अंगठी, जादूच्या कवट्यांमागे लागलेला व्हिलन, सगळाच मस्त फिल्मीपणा, आणि झेन तो अगदी सिरियसली करतो म्हणून मला जाम आवडतो 😄

पण त्यात मायक्रोस्कोपमधून पाती निघून एकाचे डोळे फोडतात तो सीन आहे ना, सात-आठ वर्षांच्या पोरांना झेपेल का? की तेवढाच पुढे ढकलू? आणि हिंदी डबिंग कुठे मिळेल, कारण इंग्लिश त्यांना फार कळत नाही, कोणी बघितलंय का?