ज्यू न उरलेल्या गावांतल्या ज्यू दफनभूमी: ठेवायच्या की जमीन मोकळी करायची?

राईनकाठ:
काल ‘हिशेबी’ यांनी लिहिलं की जर्मनीत ज्यू दफनभूमी दोन हजारांच्या वर आहेत, बहुतेक गावांत आता एकही ज्यू घर नाही, तेव्हा वॉर्म्स शहरातल्यासारख्या चार-दोन प्रसिद्ध ठेवा, बाकीच्या शिळा संग्रहालयात हलवा आणि जमीन घरांसाठी द्या. वाचून संताप आला. त्या गावांत ज्यू का उरले नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ज्यांची अख्खी घराणी मारली किंवा हाकलली, त्यांच्या पणज्यांच्या कबरींकडे कोण बघणार? म्हणूनच 1957 मध्ये केंद्राने आणि राज्यांनी देखभालीचा खर्च निम्मा-निम्मा उचलायचं ठरलं. हे देणं आहे, उपकार नाहीत. आणि शिळा हलवण्याची कल्पना जुनीच. 1438 मध्ये ज्यूंना हाकलल्यावर माइन्त्समध्ये त्यांच्या कबरींच्या शिळा बांधकामाला वापरल्या. 1519 मध्ये रेगेन्सबुर्गने तेच केलं. तिथल्या घरांच्या भिंतींत त्या आजही दिसतात. ज्यू धर्मात कबर कायमची असते. माणूस खाली ठेवून नुसती शिळा उचलण्यात कसलं जतन?

हिशेबी:
देणं मान्य. पण इथे बाकी बहुतेकांच्या कबरी मुदतीच्या, ठरावीक वर्षांपुरत्याच जागा मिळालेल्या, त्याचं काय? माझ्या सासऱ्यांच्या कबरीची मुदत संपली तेव्हा पत्र आलं: शिळा उचला, खर्च तुमचा. सासूबाई दर रविवारी झारी घेऊन जायच्या. ती शिळा आता गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवली आहे. त्यांचं दुःख कोणाच्या हिशेबात येतं?

गवतफूल:
वाईट वाटलं, खरंच. पण मग मुदतीच्या नियमाशी भांडा, ज्यूंच्या कबरींवर राग का?

हॅम्बुर्गकर:
जमीन मोकळी करण्याचा प्रयोग आमच्याकडे झालाय. हॅम्बुर्गच्या ओटेन्सन भागातली ज्यू दफनभूमी 1663 ची. नाझी काळात तिथे बंकर बांधला, 1950 मध्ये जागा डिपार्टमेंट स्टोअरला विकली गेली. नव्वदीच्या सुरुवातीला मॉलसाठी खोदकाम निघालं, तेव्हा परदेशांतून कर्मठ ज्यू येऊन जागेवर बसले, पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. शेवटी 1992 मध्ये जेरुसलेमचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) कोलिट्झ यांनी तोडगा दिला: खणायचं नाही. तळघरातलं पार्किंग रद्द झालं. आज वर दुकानं, खाली कबरी आणि भिंतीवर मृतांची नावं.

हिशेबी:
विकली कोणी, तेही लिहा. ज्यूंची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेनेच ना?

राईनकाठ:
हो, संस्थेनेच. पण 1950 मध्ये हॅम्बुर्गात मूठभर ज्यू उरले होते. विरोध करायला माणसंच ठेवली नाहीत आणि आता त्यांची सही दाखवता? लाज वाटायला हवी.

हिशेबी:
लाज काढू नका. व्यवहार झाला होता, एवढंच म्हणतोय.

हॅम्बुर्गकर:
झाला होता, हे मी नाकारत नाही. म्हणून खालचे मृत हलले का? चाळीस वर्षांनी तोच वाद पुन्हा पेटला, हा व्यवहार मिटला नव्हता याचा पुरावा.

गवतफूल:
तुम्ही मॉलमध्येच अडकलात. आमच्या शेजारच्या गावातली दफनभूमी कुलूपबंद आहे, किल्ली नगरपालिकेत मागावी लागते. आयव्हीची वेल वाढली की गावकरी बकाल म्हणतात. ज्यू कबरीवर फुलांचे ताटवे लावायची रीत नाही, लोक खडा ठेवून जातात, हे कोणी समजूनच घेत नाही. खरा धोका वेगळा आहे. एका शिळेवर बोटं फाकवलेले दोन हात कोरलेत, कोहेन म्हणजे पुरोहित घराण्याची खूण. वालुकाश्माचे पापुद्रे सुटतायत. डाव्या हाताची बोटं गेलीच, खालची हिब्रू ओळ अर्धी उरलीय. एसेन शहरातल्या, ज्यू इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या श्टाइनहाइम संस्थेच्या एपिडाट या कबरींवरच्या लेखांच्या संग्रहात असे कितीतरी लेख फोटो आणि भाषांतरासह ऑनलाइन आहेत. आमच्या गावचे तिथे मला सापडले नाहीत.

हिशेबी:
ठीक आहे, जमिनीची मागणी सोडतो. पण मग पैसा आधी या लेखांच्या नोंदींवर घाला. कुंपण रंगवून अक्षरं टिकणार नाहीत.

राईनकाठ:
नोंदी हव्यातच, एवढं तुमचं बरोबर. मात्र कुंपण काढायचं नाही. शिळा पाडणारे आजही रात्री येतात.